शीलाकाकूंच्या मिक्सरची उत्तरपूजा

डोंबिवली पूर्वेच्या एका प्रभागाला ई-कचरा संकलनात यंदा पहिला क्रमांक मिळाला. एक हजार नऊशे बारा किलो. ढाल मिळाली, शाल मिळाली, नारळ मिळाला. स्थानिक पेपरात चौकोनी फोटो आला आणि त्या फोटोत ॲड्रियन परेरा डावीकडून चौथा उभा आहे, डोळे मिटलेला.

तर असं काही झालेलं नाही. वरचा मजकूर नजरचुकीने आलाय. वाचला असेल तर वाचला नाही असं समजावं. ॲड्रियनला विचारलंत तर तोही हेच सांगेल. ढाल कुठाय म्हटलं तर म्हणेल, कसली ढाल. ती त्याच्या ठाण्यातल्या माजिवड्याच्या घरी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे, वर्गात शिक्षा झाल्यासारखी.

तेव्हा आपण जानेवारीपासून सुरुवात करू. तेव्हा खरोखरच काही झालं नव्हतं.

ॲड्रियन सव्वीस वर्षांचा. सकाळी ठाण्याहून डोंबिवलीला नोकरीसाठी येणारा तो बहुधा एकटाच माणूस. बाकीची डोंबिवली त्या वेळी ठाण्याच्या दिशेने निघालेली असायची. हुद्दा होता ई-कचरा संकलन मोहिमेचा कंत्राटी समन्वयक. दिमतीला एक टेम्पो, टेम्पोवर भोंगा आणि भोंग्यात एका बाईचा प्रसन्न आवाज, जो रहिवाशांना त्यांच्या बंद पडलेल्या वस्तू मागत फिरायचा. मार्चअखेर प्रभागातून हजार किलो जमले तर कंत्राट वाढणार होतं. नाही जमले तर भोंग्यासकट गाशा गुंडाळायचा.

पहिल्या तीन रविवारी मिळून सदतीस किलो जमले. त्यातली बावीस किलोची इन्व्हर्टरची बॅटरी होती, जी नियमाप्रमाणे मोजायची नव्हती. उरलेल्यात चार्जर, रिमोट, एक इस्त्री आणि एका आजोबांनी ‘नक्की ना?’ असं दोनदा विचारून दिलेला खिशातला रेडिओ. तो त्यांनी पुढच्या रविवारी येऊन परत नेला.

प्रभाग कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षक नीरजा मॅडम यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. टेम्पो, डिझेल, बॅनर, भोंगा आणि ॲड्रियनचा पगार.

“एक किलो कचरा आपल्याला अकराशे रुपयांना पडतोय,” त्या म्हणाल्या. “यापेक्षा दुकानातनं नवीन टीव्ही आणून आपणच फोडलेला स्वस्त.”

त्या हसल्या नाहीत, त्यामुळे हा विनोद होता की तोंडी आदेश, हे ॲड्रियनला पुढचे दोन दिवस कळेना.

कचरा नव्हता असं अजिबात नाही. प्रभागातल्या प्रत्येक माळ्यावर एक तरी डबडा टीव्ही चादर पांघरून झोपलेला होता. पण द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि ते का, हे शीलाकाकूंनी सांगेपर्यंत पालिकेच्या एकाही अहवालात आलेलं नव्हतं.

शीला रेगे, वय बहात्तर, ठाकुर्लीच्या अंगाला सुखनिवास सोसायटी, दुसरा मजला. नवऱ्याची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली त्या वर्षी त्यांनी एक मिक्सर घेतला आणि भाजणी, मेतकूट, चटण्या दळून विकायला लागल्या. पुढची तीस वर्षं घर त्या मिक्सरवर चाललं. मुलगा इंजिनीअर झाला तोही त्याच मिक्सरवर. मिक्सर अजून बंद पडलेला नव्हता. फक्त त्याचा आवाज असा होता की खालच्या मजल्यावरची माणसं त्यावर घड्याळ लावायची, आणि सून सान्वी घरून काम करायला लागल्यापासून तो तिच्या मीटिंगांमध्ये मध्येच बोलायला लागला होता. सान्वीने नवा आणला. नवा कुजबुजतो. जुन्याचं काय करायचं, असा प्रश्न उभा राहिला आणि ॲड्रियन दारात.

मिक्सर चटईवर ठेवलेला होता. त्याच्या पोटाला हळदीकुंकवाची सुकलेली बोटं होती आणि मानेला झेंडूच्या माळेचा नुसता दोरा, फुलं केव्हाच गळून गेलेली. झाकणावर लाल नेलपॉलिशने ‘शी. रे.’ लिहिलेलं.

“तीस दसरे याची पूजा केलीय,” काकू म्हणाल्या. “पूजलेली वस्तू भोंग्याच्या गाडीत कशी टाकू? उत्तरपूजा नको?”

त्यांनी गुरुजींना फोन केलेला. गुरुजी म्हणाले, मिक्सरची पोथीत नाही.

ॲड्रियनने मिक्सरकडे बघून डोळ्यांनीच वजन केलं. तीन भांडी धरून सहा किलो. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्यापासून पुढचं सगळं सुरू झालं. तो म्हणाला, काकू, गाडीवर सोय आहे.

गाडीवर सोय नव्हती. गाडीवर भोंगा होता. निदान एक तरी गोष्ट खरी सांगावी म्हणून त्याने पुढे जोडलं की मी ख्रिश्चन आहे.

“मिक्सरला काय कळतंय,” काकू म्हणाल्या. “तू मनापासून कर म्हणजे झालं.”

ॲड्रियनचं बालपण ज्या चाळीत गेलं तिथे शेजारी गणपती यायचा. जेवण आरतीनंतर असल्यामुळे तो नेहमी शेवटाला पोचायचा, म्हणून त्याला कुठल्याही पूजेचा फक्त शेवट यायचा. त्याने मिक्सरवर अक्षता टाकल्या, फूल वाहिलं, हात जोडले आणि आपल्याला येत असलेलं सगळं संस्कृत एका दमात म्हणून टाकलं: “पुनरागमनाय च.”

काकूंनी मिक्सरच्या सगळ्यात लहान भांड्यात मूठभर भाजणी शिदोरी म्हणून घातली, झाकण लावलं आणि एकच अट सांगितली.

“आता याला कुणी बटण लावायचं नाही. खूप राबलाय. कुणाच्याही घरी, कितीही गरज असली तरी नाही. कळलं?”

आज संध्याकाळीच खोलतील, ॲड्रियन म्हणाला, तांबं तांब्यात, लोखंड लोखंडात. “शब्द देतो, काकू.”

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पंचवीस सेकंद तरी ठेवला असेल. ॲड्रियनला नंतर सगळ्यात जास्त त्रास त्या पंचवीस सेकंदांचा झाला.

हे सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तम दळवींनी जिन्यातून पाहिलं. अर्ध्या तासात त्यांचा टीव्ही खाली आला, वर नारळासकट. दळवींनी त्याला ओवाळलं आणि डोळे पुसले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या चांगल्या क्रिकेट मॅचेस त्याच टीव्हीवर झालेल्या होत्या. पुढच्या रविवारी टेम्पोमागे रांग होती. बायका हातात तबकं घेऊन उभ्या, पुरुष काखेत सीपीयू मारून. कुणी फ्रिजच्या स्टॅबिलायझरला पेढा भरवत होतं. ॲड्रियनने भोंग्यातल्या बाईला रजा दिली आणि स्वतःचा आवाज भरला: आपल्या पूजनीय वस्तूंना सविधी निरोप, फक्त रविवारी, नऊ ते एक.

नीरजा मॅडम पाहायला आल्या. एका वॉशिंग मशीनची आरती चाललेली. पालिका सर्व धर्मांना समान मानते याची त्यांनी ॲड्रियनला आठवण करून दिली, मग आजचे किलो विचारले. तीनशे चाळीस, तो म्हणाला. मॅडमनी थोडा विचार केला.

“मग मी आज आलेलेच नाही,” असं म्हणून त्या रिक्षात बसल्या.

घरी त्याच्या आईने, सुझानाने, सलग चार रविवार वाट पाहिली आणि मग जेवताना विचारलं की चर्चमध्ये मिस्सेला का येत नाहीस.

“काम असतं गं. पूजा असते.”

“कोणाची?”

“गेल्या रविवारी गीझर होते जास्त.”

सुझानाने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला आणि विषय बंद केला. झोपण्याआधी मात्र तिने घरातल्या अल्तारीवर, येशूच्या तसबिरीपुढे, एक जास्तीची मेणबत्ती लावली. कोणासाठी, हे ॲड्रियनने विचारलं नाही. गीझरसाठी नसावी.

फेब्रुवारीअखेर हजाराचा आकडा ओलांडला. जमलेला माल शहाडला एका ठेकेदाराच्या गोदामात जायचा, टेम्पोवाला परस्पर नेऊन टाकायचा. त्या दिवशी पावतीवर सही हवी होती म्हणून ॲड्रियन पहिल्यांदाच सोबत गेला. गोदाम नीटनेटकं होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: आधी पुन्हा वापर, मग दुरुस्ती, शेवटी विघटन. ॲड्रियनने ते दोनदा वाचलं, कारण तीच ओळ त्याच्या टेम्पोच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली होती. महिनाभर तो दर रविवारी तिच्यापुढे उभा राहून अक्षता टाकत होता.

चालू असेल ते इथे मोडत नाहीत, ठेकेदाराचा माणूस समजावून सांगत होता, चालू वस्तू मोडली तर पर्यावरणाचं नुकसान. गरजूंना देतो. किती समाधानाने सांगत होता तो. त्याचं काहीच चुकत नव्हतं, हीच अडचण होती.

सही करून तो आणि टेम्पोवाला शहाड स्टेशनबाहेर वडापाव खायला थांबले. गाडी भीमाबाईंची. ॲड्रियनने पहिला घास घेतला आणि त्याच्या कानाजवळ असा काही आवाज सुरू झाला की हातातला पाव खाली पडला. गाडीच्या मागे, बाजूच्या मोबाइलच्या दुकानातून ओढलेल्या वायरवर, एक मिक्सर लसूण-खोबऱ्याचा चुरा करत होता. पोटाला हळदीकुंकू, मानेला दोरा. झाकणावर विटेचा अर्धा तुकडा ठेवलेला आणि विटेखालून ‘शी. रे.’ डोकावत होतं.

भीमाबाई आपणहून बोलल्या. आधी चटणी पाट्यावर वाटायची, मनगट गेलं, डॉक्टरने वरवंटा बंद सांगितला. गाडी बंद करणार होते, तर गोदामातल्या माणसाने हा आणून दिला. “कोणा माउलीने टाकला काय माहीत. आतमधी भाजणी होती बघ मूठभर. मी थालीपीठ करून खाल्लं. असं थालीपीठ मी जल्मात नाय खाल्लेलं.”

ॲड्रियनने तोंड उघडलं. आत वडा असल्यामुळे त्याला मिटावं लागलं. गिळून झाल्यावर बोलायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात भीमाबाईंनी मिक्सर बंद करून पदराने त्याचं पोट पुसलं, ते कुंकू सोडून बाकीचं. मग त्याला फक्त एवढंच सुचलं की आणखी एक वडापाव द्या.

इथपर्यंत ॲड्रियनला अजाणतेपणाचा फायदा देता येईल. यानंतर नाही.

कारण दुसऱ्याच दिवशी शीलाकाकू प्रभाग कार्यालयात आल्या. काम किरकोळ होतं. अलीकडे पहाटे त्यांना घरघर ऐकू यायची, जाग येऊन बघावं तर नवा मिक्सर गपचूप बसलेला. मन लागत नव्हतं. मिक्सर खोलला ना, एवढं कुठे लिहून मिळालं तर बरं.

ॲड्रियनकडे लेटरहेड होतं. शिक्का होता, जरी त्यावर ‘आवक’ असं लिहिलेलं असलं तरी गोल होता. काल खाल्लेली चटणी अजून घशाशी होती. त्याने लिहिलं: श्रीमती शीला रेगे यांच्या मिक्सरचे विधिवत व संपूर्ण विघटन करण्यात आले असून त्यास आता कोणताही त्रास नाही. सही केली. शिक्का मारला. शाई फिकी वाटली म्हणून आणखी एकदा मारला, त्यामुळे कागद दुप्पट खरा दिसायला लागला.

काकूंनी तो देवघरात लावला. त्यांना झोप लागायला लागली आणि ॲड्रियनची गेली. त्याहून वाईट म्हणजे दर आठवड्याला त्यांच्याकडून भाजणीचा डबा यायला लागला. नव्या मिक्सरवर तितकी बारीक येत नाही, गोड मानून घे, असा निरोप असायचा. डब्यांची थप्पी वाढली. एकाही डब्यातलं ॲड्रियनच्या घशाखाली उतरलं नाही. सुझाना थालीपिठं करायची आणि तो ताटाकडे बघत बसायचा. एकदा त्याने टेम्पोमध्ये बसून शहाडला जायचं आणि मिक्सर गुपचूप उचलून आणायचा असं ठरवलं. गेलासुद्धा. भीमाबाईंच्या मनगटाला अजून पट्टा होता. दोन वडापाव खाऊन परत आला. असं तीनदा झालं.

मार्चमध्ये उत्तम दळवींचा फोन आला. त्यांचा टीव्ही सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये आलेला. वॉचमनला तो शहाडला कुणीतरी दिला होता. “त्याला मी नारळ दिला, ओवाळला, रडलो,” दळवी म्हणाले, “आणि तो खाली बातम्या लावून बसलाय. आता येताजाता नजरेला नजर कशी देऊ?” टेलिफोन भवनाच्या गल्लीत कुणाचा तरी गीझर ओळखला गेला. एका बाईंना ठाकुर्लीच्या झेरॉक्सवाल्याकडे स्वतःचा प्रिंटर भेटला आणि तो त्यांना बघून अडकला, असं त्या शपथेवर सांगत होत्या.

मग ते झालं, जे झालेलं नाही. सभागृहात कार्यक्रम ठेवला. नीरजा मॅडमनी नवा हिशेब वाचून दाखवला, किलोमागे खर्च अकराशेवरून पासष्टवर आला. टाळ्या. आदर्श नागरिक म्हणून शीलाकाकूंना स्टेजवर बोलावलं. त्या भाषण करणार नव्हत्या, फक्त पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी तो माइकसमोर वाचला. ‘त्यास आता कोणताही त्रास नाही’ या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला. फोटो काढणारा म्हणाला, सगळे इकडे बघा. ॲड्रियनने डोळे मिटले.

कार्यक्रम संपल्यावर काकू सभागृहाच्या पायऱ्यांवर रिक्षाची वाट बघत होत्या. ॲड्रियन ढाल काखेत धरून त्यांच्या एक पायरी खाली उभा राहिला.

“काकू, तुमचा मिक्सर चालू आहे.”

मग त्याने सगळं सांगितलं. गोदाम, भिंतीवरची ओळ, भीमाबाई, मनगट, थालीपीठ. आणि सगळ्यात शेवटी हे की प्रमाणपत्रावर सही करायच्या आदल्या दिवशीच त्याला हे माहीत होतं. एवढं सांगताना तो ढालीशी बोलत होता.

 एक रिक्षा थांबली, काकूंनी ती जाऊ दिली.

“चटणी कसली करते?”

“लसणाची. सुकी.”

“बारीक येते?”

“येते.”

“झाकण डाव्या हाताने दाबावं लागतं. नाही तर उडतं.”

“तिने वीट ठेवलीय.”

“वीट,” काकू म्हणाल्या. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत त्यांना हीच लागली असावी. मग त्यांनी विचारलं, “पूजा झाल्यावर तू शेवटी काय म्हणालेलास रे?”

“पुनरागमनाय च.”

“म्हणजे काय?”

त्याला माहीत नव्हतं. दोनशे चौदा वस्तूंवर म्हटलेलं, पण माहीत नव्हतं.

“म्हणजे परत ये,” काकू म्हणाल्या. “गणपतीला म्हणतात ते, पुढच्या वर्षी यावा म्हणून. तू बोलावलंस, तो आला. तो दिल्या शब्दाला जागला.”

कोण जागला नाही, हे त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ॲड्रियनला बरं वाटलं असतं.

“मला ऐकू आलेलं तेव्हा, पूजेच्या वेळी,” त्या म्हणाल्या. “चुकतोयस हे कळलेलं. पण मी टोकलं नाही. एकदा वाटलं, येईना का परत. मग अट घातली तुला. म्हणजे सगळं तुझ्यावर.” त्यांनी पर्समधून तो कागद काढून त्याच्या हातात दिला. “तिच्याकडनं काढून घेऊ नकोस. पण हा खोटा आहे. हा देवासमोर नको. खरं काय ते लिही आणि दे कुठे द्यायचं तिथे.”

पुढची रिक्षा त्यांनी थांबवली. बसताना त्याच्या डोक्याला हात लावला नाही.

ॲड्रियनने त्याच रात्री खरं काय ते लिहिलं. कंत्राट वाढल्याचं पत्र सकाळीच आलेलं, म्हणून तो अजून त्याच लेटरहेडवर लिहू शकत होता. दुसऱ्या दिवशी अर्ज आवक खिडकीवर दिला. खिडकीतल्या माणसाने तो पूर्ण वाचला, हे पालिकेत सहसा होत नाही, आणि शिक्का मारला. यावेळी एकदाच.

प्रति,
मा. उपायुक्त, घनकचरा व्यवस्थापन विभाग

विषय : दिलेले निमंत्रण मागे घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, सदर मोहिमेदरम्यान अर्जदाराने एकूण २१४ वस्तूंना अधिकार नसताना परत येण्याचे निमंत्रण दिले असून त्यांपैकी काही वस्तू हजर झाल्या आहेत. तरी उर्वरित वस्तूंचे निमंत्रण पालिकेच्या सहीशिक्क्यानिशी रद्द करण्यात यावे. अ. क्र. १, मिक्सर, वजन सहा किलो, हा यातून वगळावा व भीमाबाई यांच्या मनगटास आराम पडावा म्हणून त्यांचेकडेच ठेवावा. त्यावरील वीट मात्र तात्काळ हटवून त्या जागी डाव्या हाताची व्यवस्था करावी. अर्जदाराने दिलेले विघटन प्रमाणपत्र खोटे असल्याची नोंद घेऊन एकूण संकलनातून सहा किलो वजा करावेत, आणि पहिला क्रमांक त्यामुळे जात नसल्यास अर्जदाराच्या विनंतीवरून काढून घ्यावा. तसेच, सदर मिक्सर ज्या दिवशी आपणहून बंद पडेल त्या दिवशी अर्जदारास अर्ध्या दिवसाची पगारी रजा व टेम्पो, विना भोंगा, मंजूर करून श्रीमती शीला रेगे यांना त्याच्या उत्तरपूजेसाठी ठाकुर्लीहून शहाडला नेण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.